तान्हा पोळा: लेकराच्या हातातला कासरा



मला दिलेला विषय होता 'लहान मुलं आणि घरचे सण'. विषय ऐसपैस आहे. दिवाळीपासून वाढदिवसाच्या केकपर्यंत सगळं त्यात मावतं, आणि म्हणूनच त्यावर तासभर बोलून काहीही न सांगता घरी जाता येतं. तेव्हा मी तो एका दिवसापुरता आखूड करून घेतला आहे. पोळ्याचा दुसरा दिवस, भाद्रपदातली पहिली तिथी. आपला तान्हा पोळा. आपल्या बोलीत 'तान्हा पोया'.

समोर नरखेड, जलालखेडा, मोवाड, भिष्णूरकडची मंडळी बसली आहेत. त्यांना तान्हा पोळा म्हणजे काय हे मी सांगायला लागलो तर ते हसतील. पण हे भाषण नंतर उतरवून ऑनलाइन जाणार आहे. तिकडे पुण्या-कोल्हापूरच्या माणसानं हा शब्द कधी ऐकलेलाही नसतो. त्यांच्याकडे बैलांचा सण बेंदूर, तो आषाढात येतो, आणि ज्याच्याकडे बैल नाही तो मातीचे बैल आणून पुजतो. लेकरांसाठी वेगळा दिवस, वेगळा बैल, वेगळं तोरण ही विदर्भाचीच खासियत. म्हणून इथल्यांनी दोन मिनिटं धीर धरा, मी आधी बाहेरच्यांसाठी थोडं सांगून घेतो.

पोळा येतो श्रावणातल्या अमावास्येला, पिठोरीला. खरी सुरुवात आदल्या संध्याकाळी. बैलांना नदीवर, नाल्यावर नेऊन धुवायचं. वर्षभर जू वाहून जो खांदा खरबरीत झाला आहे त्याला तूप-हळद, तूप परवडत नसेल तर तेल-हळद लावून शेकायचं. याला खांदशेकणी म्हणतात. आणि तेव्हाच बैलाला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण द्यायचं, जसं पाहुण्याला देतात तसं. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या खांद्यावर जू नाही, पाठीवर तुतारी नाही. अंगावर गेरूचे ठिपके, शिंगांना बेगड, पाठीवर झूल, गळ्यात घुंगरमाळ, नवी वेसण, नवा कासरा. दुपार कलली की गावातल्या जोड्या मारुतीच्या देवळापाशी आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली ओळीनं उभ्या राहतात. मग झडत्या होतात. एकानं उंच आवाजात म्हणायचं आणि शेवटी सगळ्यांनी महादेवाचा गजर करायचा. झडतीत देव असतो, तसा सावकारही असतो, पुढारीही असतो, कापसाचा पडलेला भावही असतो. वर्षभर जे तोंडावर बोलता येत नाही ते त्या दिवशी बैलाच्या साक्षीनं बोलून घ्यायचं. तोरण तुटलं की 'पोळा फुटला'. बैल घरी येतात, घरची बाई त्यांचे पाय धुते, ओवाळते, पुरणपोळी खाऊ घालते.

आणि बैल घेऊन जो माणूस दारी येतो, त्याच्या हातावर काहीतरी ठेवलं जातं. पैसे, धान्य, कधी कापड. त्याला म्हणतात बोजारा. हा शब्द लक्षात ठेवा. माझं सगळं भाषण या एका शब्दावर उभं आहे.

दुसऱ्या दिवशी हेच सगळं लेकरं करतात. लाकडाचा बैल, ज्याला आपण नंदीही म्हणतो, त्याच्या पायाखाली चार चाकं, पुढे दोरी. बैलाला रंग, झूल, बेगड. छोटं तोरण. पोरांच्या तोंडी झडत्या, अर्ध्या पाठ, अर्ध्या जागेवर जुळवलेल्या. तोरण तुटतं, आणि मग पोरं बैल ओढत घरोघरी निघतात. प्रत्येक दारी बैलाला कुंकू लागतं, आणि पोराच्या हातावर पैसे किंवा खाऊ पडतो. त्यालाही बोजाराच म्हणतात. तान्हं म्हणजे अंगावर पिणारं लेकरू. पोळ्याच्या नावामागे हा शब्द लावला, इतकं साधं नाव.

ही प्रथा नागपूरच्या भोसल्यांपासून सुरू झाली असं सांगतात. दुसरे रघुजीराजे, ज्यांचा काळ 1788 ते 1816, त्यांनी राजवाड्यातल्या आणि गावातल्या मुलांना बैलाचं महत्त्व कळावं म्हणून लाकडी बैलांचा पोळा भरवला, आणि त्यासाठी 1806 हे साल सांगितलं जातं. राजानं सुरू केलं म्हणून सण टिकतो असं नाही. राजांनी सुरू केलेल्या कितीतरी गोष्टी राजाबरोबरच गेल्या. हा टिकला, कारण तो प्रत्येक आळीतल्या सुताराला बनवता येत होता आणि तीन वर्षांच्या पोराला ओढता येत होता.

ओढता येणारा बैल ही कल्पना मात्र राजांहून फार जुनी. आपल्याच महाराष्ट्रात, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात, दायमाबादला 1974 साली काशाच्या चार वस्तू सापडल्या. हत्ती, गेंडा, रेडा आणि चौथी वस्तू म्हणजे दोन बैलांचा रथ, वर हाकणारा माणूस. ते खेळणं होतं की पूजेची वस्तू यावर जाणकार वाद घालतात. मला त्या वादाची गंमत वाटते, कारण आपल्याकडच्या नंदीबद्दल तोच प्रश्न विचारला तर लेकरू काय उत्तर देईल? सकाळी तो देव असतो, दुपारी खेळणं.

आणि शूद्रकाचं 'मृच्छकटिक' आठवा. त्या नाटकाचं नावच मातीच्या गाडीवरून आहे. चारुदत्त गरीब झालेला. त्याचा मुलगा रोहसेन शेजारच्या मुलाची सोन्याची गाडी खेळून आलेला, आणि आता दासी त्याला मातीची गाडी देते तर तो रडतो. मला सोन्याचीच पाहिजे. वसंतसेना अंगावरचे दागिने काढून त्या मातीच्या गाडीत भरते. दीड हजार वर्षांपूर्वीचं नाटक आहे, पण हा प्रवेश तुमच्या चौकात तान्ह्या पोळ्याच्या संध्याकाळी आजही होतो. 'त्याचा नंदी माझ्याहून मोठा आहे.' रडणारी दोन-चार पोरं सापडतातच. (हशा.) या रडण्याकडे मी नंतर येतो.

आता बोजाऱ्याकडे.

मोठ्या पोळ्याला बोजारा कोणाला मिळतो? बैलाच्या मालकाला नाही. जो बैल धरून आणतो त्याला. जुन्या व्यवस्थेत हा माणूस बहुतेक वेळा सालदार असायचा. साल ठरवून राहिलेला, दुसऱ्याच्या शेतात दुसऱ्याचे बैल हाकणारा. त्याला त्या दिवशी नवे कपडे मिळायचे, आणि बैलाबरोबर त्याचाही मान व्हायचा. वर्षात एकदा का होईना, पण कास्तकाराच्या घरची बाई त्याला दारात उभं करून काहीतरी हातावर ठेवायची. बाकीचे तीनशे चौसष्ट दिवस कसे जायचे ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे, त्यावर मी गोड बोलणार नाही.

मग तान्ह्या पोळ्याला लेकरू कोणाची भूमिका करतं? आपण सहज म्हणतो की ते 'छोटा शेतकरी' झालं आहे. माझं म्हणणं वेगळं आहे. ते सालदार झालेलं असतं. शंभर एकरवाल्याचा पोरगा असो की मजुराचा, त्या दिवशी तो दुसऱ्याच्या दारात बैल घेऊन उभा राहतो, आणि दारातल्यानं हातावर ठेवलेलं घेऊन पुढच्या दाराला जातो. मालकाच्या पोराला वर्षात एक दिवस काम करणाऱ्या माणसाच्या जागी उभं राहावं लागतं. दुसऱ्या रघुजीराजांच्या मनात हे होतं असा माझा दावा नाही. पण सणाची रचना अशी आहे, आणि रचना माणसाच्या मनातल्या हेतूपेक्षा जास्त दिवस काम करत राहते.

हे मी इतकं ताणून का सांगतो आहे? कारण आपण मुलांसाठी सण करतो तेव्हा बहुतेक वेळा मुलाला राजा करतो. वाढदिवसाला तो खुर्चीवर, आपण भोवती. औक्षण त्याचं, फोटो त्याचा. त्यात वाईट काही नाही, लेकराचं कौतुक झालंच पाहिजे. पण सगळेच सण वाढदिवसासारखे व्हायला लागले की लेकराला एवढंच कळतं की सण म्हणजे माझ्याकडे सगळ्यांनी बघायचा दिवस. तान्हा पोळा उलट्या अंगानं जातो. यात लेकराला काम आहे. बैल सांभाळायचा आहे, चाक निघालं तर बसवायचं आहे, नालीवरून उचलून न्यायचा आहे, कोणाचं दार राहिलं का ते बघायचं आहे.

तीन-चार वर्षांच्या लेकराला दोरीनं बैल ओढताना कधी नीट बघा. पहिल्या दहा पावलांत बैल दोनदा आडवा होतो. लेकरू थांबतं, मागे येतं, बैल उभा करतं, झूल सरळ करतं, पुन्हा निघतं. पाच वर्षांचं पोर मागे वळून बघत चालायला शिकलेलं असतं. आठ वर्षांचं धाकट्याचा बैलही आपल्या हातात घेतं. हे कोणी शिकवत नाही. दोरी शिकवते. फक्त एक अट आहे, दोरी लेकराच्या हातात असली पाहिजे.

कौटुंबिक सणांवर जगभर संशोधन झालेलं आहे. अमेरिकेतल्या बार्बरा फीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2002 साली घरातल्या रोजच्या सवयी आणि कौटुंबिक विधी यांवरच्या पन्नास वर्षांच्या अभ्यासांचा आढावा घेतला. त्यांनी केलेला एक फरक मला फार उपयोगी वाटतो. रोजच्या सवयीत 'काय करायचं आहे' एवढंच असतं. रोज रात्री दात घासायचे, झालं. विधीत 'आपण कोण आहोत' हे असतं. एकच जेवण दोन्ही असू शकतं. तुम्ही पोळ्याला पुरण शिजवता ते काम म्हणूनही शिजवता येतं, आणि लेकराला पाटावर बसवून, पहिली पोळी बैलाची, हे सांगत सांगतही शिजवता येतं. पोळी तीच. पण पहिली पोळी आपली नाही, हे त्या घरातल्या लेकराला कोणी पाठ करायला लावत नाही, तरी ते कळतं.

आता या दिवसाकडे जरा लांबून बघू. पोळ्याचा दुसरा दिवस आपल्या भागात नुसता गोड नाही. याच दिवशी नागपुरात मारबत निघते. काळी मारबत 1881 पासून, पिवळी 1885 पासून, असं सांगतात. सोबत बडगे असतात, महागाईचे, भ्रष्टाचाराचे, त्या वर्षी ज्याच्यावर लोकांचा राग असेल त्याचे. मिरवणूक निघते आणि शेवटी सगळं जाळून टाकतात. खेड्यात याच पहाटे दाराशी ठेवलेल्या पळसाच्या डहाळ्या, ज्यांना आपण मेढे म्हणतो, त्या उचलून गावाबाहेर टाकायच्या, आणि खोकला, ढेकूण, रोगराई सगळं घेऊन जा म्हणून मारबतीला ओरडून सांगायचं. ओरडण्यात पोरं पुढे. वर्षभर 'ओरडू नको' ऐकणाऱ्या पोराला त्या पहाटे ओरडायची मुभा असते. सणात हेही लागतं.

आणि उत्तरेला, नरखेडहून रेल्वेनं थोडंच पुढे गेलं की पांढुर्णा. आता तो मध्य प्रदेशातला स्वतंत्र जिल्हा आहे, 2023 पासून. तिथे याच दिवशी गोटमार होते. जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात, वर झेंडा, आणि पांढुर्णा आणि सावरगाव (आपलं सावरगाव नव्हे, तिकडचं, नदीपलीकडचं) एकमेकांवर दगड मारतात. दरवर्षी माणसं जखमी होतात. जीवही गेले आहेत. प्रशासनानं बंदोबस्त लावला, रबरी चेंडू देऊन पाहिले, थांबलेली नाही.

मी हे मुद्दाम सांगतो आहे. एकच तिथी, एकच पळसाचं झाड, शे-सव्वाशे किलोमीटरच्या टापूत. एका ठिकाणी लोक राग पुतळ्यात भरून जाळतात, दुसऱ्या ठिकाणी तो दगडातून फेकतात, आणि तिसऱ्या ठिकाणी लेकराच्या हातात दोरी देऊन त्याला दारोदार पाठवतात. 'परंपरा आहे' एवढं म्हटलं की गोष्ट चांगली ठरते असं मानणाऱ्यांनी या दिवशी आपल्या भागात एक चक्कर मारावी. परंपरा तिन्ही आहेत. त्यातली कोणती आपल्या लेकराच्या हाती द्यायची हे आईबापांनाच ठरवावं लागतं. गोटमारीच्या काठावर बापाच्या खांद्यावर बसून बघणारी लेकरंही असतात.

आता अडचणीच्या भागाकडे येतो.

पहिली अडचण, बैलच राहिले नाहीत. देशाच्या पशुगणनेचे आकडे बघा. 2012 साली गोवंशातले नर, म्हणजे बैल, गोऱ्हे, वळू मिळून 6 कोटी 79 लाखांच्या आसपास होते. 2019 साली ते 4 कोटी 74 लाखांवर आले. सात वर्षांत जवळजवळ एकतृतीयांश गेले. गाई मात्र वाढल्या, कारण गाय दूध देते. आपल्या भागाचा गवळाऊ बैल, वर्धा-नागपूर-छिंदवाड्याचा, पांढरा, चपळ, एके काळी नाव काढायचे. आता गवळाऊची चांगली जोडी गावात आली तर लोक बघायला जातात. नांगरणी ट्रॅक्टरवर गेली. पेरणी गेली. डवरणीसाठी जोडी लागायची, तिथे तणनाशक आलं. संत्र्याच्या बागेत लहान ट्रॅक्टर फिरतो. कास्तकाराला दोष देण्यात अर्थ नाही. बारा महिने दोन जनावरं पोसायची, आणि काम मोजक्या दिवसांचं. हिशेब बसत नाही.

पण मग काय होतं? लेकरू ज्याची नक्कल करतं तो खरा बैलच त्याच्या घरी नसतो. आमच्या लहानपणी पोळ्याच्या दिवशी खऱ्या बैलाला गेरूचे ठिपके लावलेले असायचे आणि उरलेल्या गेरूत बोट बुडवून आम्ही आमच्या बैलाला लावायचो. वाटी एकच. आता बाजारातून रंगवून, झूल शिवून, डोळे चिकटवून तयार नंदी येतो. लेकरासाठी करायला काही शिल्लकच नसतं.

दुसरी अडचण, स्पर्धा. गावोगावी, चौकाचौकात तान्हा पोळा म्हणजे आता नंदी-सजावट आणि वेशभूषा स्पर्धा. मंडप, लाऊडस्पीकर, समोर खुर्च्या, पहिलं बक्षीस सायकल. स्पर्धेला मी सरसकट नावं ठेवणार नाही. तिच्यामुळे पोरं घराबाहेर येतात. आणि एक फार चांगली गोष्ट झाली, मुली आल्या. पूर्वी ओळीत बहुतेक पोरगेच दिसायचे. आता मुली नंदी घेऊन उभ्या असतात आणि झडत्याही म्हणतात, पोरांपेक्षा खणखणीत. हे स्पर्धेनं केलं, मान्य. वर्धा जिल्ह्यातल्या सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा तर मोठमोठ्या नंद्यांसाठी प्रसिद्ध आहे, लांबून लोक बघायला येतात. घराण्यांनी पिढ्यान् पिढ्या जपलेले नंदी आहेत तिथे. ते बघण्यासारखंच आहे, ती गावाची कला आहे.

पण घरच्या तीन वर्षांच्या लेकरासाठी स्पर्धा म्हणजे काय होतं ते बघा. नंदी त्याच्या कमरेएवढा, त्याला ढकलत नाही, म्हणून बाप ढकलतो. अंगावर मावळ्याचा नाही तर महादेवाचा वेश, दाढी खाजते, ऊन आहे. दोन तास ओळीत उभं. परीक्षक येतात, फोटो निघतो, निकाल लागतो, सायकल दुसऱ्याला. लेकरू रडतं, आई म्हणते, पुढच्या वर्षी मोठा नंदी आणू. झालं रोहसेनाचं. फरक एवढाच की तिथे वसंतसेनेनं लेकराचं रडं थांबवायला स्वतःचे दागिने दिले, इथे आपणच रडं लावायची व्यवस्था करतो. आणि घरी परतताना कोणाच्या दारी जायला वेळ उरत नाही, अंधार पडलेला असतो. म्हणजे बोजाराच गेला. ज्यासाठी सगळं होतं तेच गेलं.

ज्या मंडळांचे लोक इथे बसले असतील त्यांना माझी एक सूचना आहे, बंधन नाही. सहा वर्षांखालच्या पोरांना नंबर देऊ नका. सगळ्यांना सारखा बोजारा द्या, वही-पेन्सिल द्या, पाच चिंचोके द्या हवं तर, पण सारखा. आणि कार्यक्रम दिवस मावळायच्या आत संपवा. बाकी सायकल मोठ्या पोरांना द्या, हरकत नाही.

आईबापांना जे सांगायचं ते थोडं लांबीनं सांगतो, कारण मला प्रत्येक गावात तोच प्रश्न येतो, की आमच्याकडे बैल नाही, शेती नाही, आम्ही काय करायचं?

बैल लहान घ्या. लेकराला एका हातानं उचलता आला पाहिजे, तेवढाच. शक्य असेल तर कोरा, न रंगवलेला घ्या. सुताराला सांगितलं तर तो देतो, त्याचं कामही वाचतं. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी तो घेऊन बसा. ही खांदशेकणीची वेळ आहे. गावात कोणाकडे तरी एक जोडी असेल. त्यांना विचारून लेकराला कोठ्यात न्या, आणि बैलाच्या खांद्यावरचा घट्टा हातानं चाचपू द्या. लेकरं आधी घाबरतात, मग विचारतात, 'दुखतं का त्याला?' या प्रश्नाला उत्तर देण्याची घाई करू नका. बैल जिथे बांधला आहे तिथला माणूस सांगेल. त्याला ते जास्त चांगलं माहीत असतं. घरी येऊन लेकराला स्वतःच्या बैलाच्या खांद्याला हळद लावू द्या. कपड्यांना डाग पडेल. हळदीचा डाग उन्हात जातो.

दुसऱ्या दिवशी दारं ठरवा. हे सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि सगळ्यात कमी लोक करतात. लेकरू कोणाकोणाच्या दारी जाणार? आपल्या भाऊबंदांच्या पाच घरी नेऊन आणलं, की झालं, असं बहुतेक ठिकाणी चालतं. गावाचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. कोणत्या गल्लीत तुमचं लेकरू बैल घेऊन आजवर कधीच गेलं नाही? आणि कोणत्या वस्तीतली पोरं तुमच्या दारी कधीच आली नाहीत? आली नाहीत, की बोलावलं नाही? खऱ्या पोळ्याला तोरणाखाली उभं राहायला बैलजोडी लागते, जोडीला शेत लागतं. कोणाची जोडी पुढे, कोणाची मागे, यावरून गावात भांडणं झालेली आहेत, ते मानपान मी सांगायला नको. लाकडाच्या बैलाला शेत लागत नाही. कोणाचंही लेकरू कोणाच्याही दारी जाऊ शकतं, एवढी मोकळीक या सणात आहे. ती वापरली नाही तर मोठ्यांचा पोळा लहान करून पोरांच्या गळ्यात बांधल्यासारखं होतं, मानपानासकट.

आणि लेकरानं आणलेला बोजारा. तो त्याचा आहे. त्यातले पैसे 'ठेव माझ्याकडे' म्हणून आईनं घेतले की ते परत येत नाहीत हे जगातल्या प्रत्येक लेकराला ठाऊक आहे. (हशा.) त्याला मोजू द्या. त्यातला एक वाटा त्याला कोणाला तरी द्यायला सांगा, ज्याच्या कामावर तुमचं घर चालतं. ट्रॅक्टरवाला, संत्रा तोडायला येणाऱ्या बाया, घंटागाडीवाला, शाळेची खिचडी शिजवणारी बाई. लेकरानंच निवडावं. त्याची निवड ऐकून तुम्ही चकित व्हाल. एका घरी लेकरानं आजीला दिला, कारण 'तीच रोज काम करते'. घरात दोन मिनिटं कोणी काही बोललं नाही.

दोन-तीन चिठ्ठ्या आल्या आहेत, त्या घेतो आणि थांबतो.

एका ताईंनी विचारलं आहे, आम्ही पुण्यात फ्लॅटमध्ये राहतो, तिथे हे कोणालाच माहीत नाही, मुलीला वेडं ठरवतील. ताई, पहिल्या वर्षी वेडं ठरवतीलच. तुम्ही आधी तीन-चार शेजाऱ्यांना सांगून ठेवा, की अमुक वाजता मुलगी बैल घेऊन येईल, बैलाला कुंकू लावा आणि तिच्या हातावर काहीतरी ठेवा, चॉकलेट नको, एक रुपया चालेल. लिफ्टनं नेऊ नका, जिन्यानं न्या. पायऱ्यांवर बैल हातात घ्यावा लागतो, त्यात तिला मजा येईल. वॉचमनच्या खोलीपासून सुरुवात करा.

दुसरी चिठ्ठी, आमच्या घरी मूर्तिपूजा करत नाहीत, मग मुलाला पाठवावं का? तुमच्या घराचा निर्णय तुमचाच. मला एवढंच दिसतं की या दिवसाचा मोठा भाग पूजेत नाहीच, चालण्यात आहे. कुंकू न लावता बैलाच्या पाठीवरून हात फिरवला तरी लेकरू आणि बैल दोघंही पुढच्या दाराला जातात. आणि तुमच्या दारी कोणाचं लेकरू बैल घेऊन आलं, तर त्याला रिकाम्या हातानं पाठवू नका. ते तुमचा धर्म विचारायला आलेलं नसतं.

तिसरी एका आजोबांची आहे. त्यांच्याकडे त्यांच्या लहानपणचा लाकडी बैल माळ्यावर आहे, एक शिंग आणि दोन चाकं गेलेली. नातवाला नवा आणला आहे, जुन्याचं काय करू? आजोबा, जुना खाली काढा. चाकं कोणताही सुतार बसवून देईल, नातवालाही सोबत न्या. शिंग राहू द्या तसंच. एका शिंगाचे बैल खऱ्या पोळ्यालाही असायचे.